आजीने वहीत 'इथे' लिहून ठेवलंय

या वेळचं पत्र मोठं होतं. तिला विचारून थोडं कापलंय, पण शब्द तिचेच आहेत.

"ताई, आधीच सांगते, मला अहोजाहो करू नका, मी ३६ वर्षांची आहे. माझे आजी-आजोबा लग्नानंतर लगेच देश सोडून इकडे आले. आई इथेच वाढली, मी तर इथेच जन्मले. आजी जाऊन ३ वर्षं झाली. तिची स्वैपाकाची वही माझ्याकडे आलीय आणि गेलं वर्षभर मी त्यातला एकच पदार्थ करायचा प्रयत्न करतेय, कडधान्याचा रस्सा, जो ती दर रविवारी करायची. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव वाचलं की लोक लगेच कुठली, कोणाची हे काढत बसतात.

वहीत खूप खाडाखोड आहे. रश्शात एक वाळवलेलं आंबट फळ लागतं, ते आजीने निळ्या शाईने लिहिलंय आणि मग काळ्या पेनने खोडून 'इथे लिंबू' असं लिहिलंय. सोडा चिमूटभर, त्याच्यापुढे पण 'इथे'. कांदा तीन खेपेत, 'इथे'. मला वाटलं मूळ रेसिपी तीच खरी, आजीने नाइलाज म्हणून बदलली असणार, म्हणून मी सगळं जुनं लिहिलेलं तसंच करते. मागच्या वर्षी आजीच्या देशात जाऊन आले तेव्हा ते वाळवलेलं फळ पण घेऊन आले. तरी चव येत नाही. दोन-दोन तास शिजवलं तरी दाणा कडकच. भाऊ एक घास खाऊन म्हणाला, चांगलं झालंय पण हे ते नाही. आईला फोन केला की म्हणते मला यातलं काही येत नाही, जाऊ दे ना, विकत आण काहीतरी. माझी मुलगी ७ वर्षांची, ती नाक दाबून दुसऱ्या खोलीत जाते. आणि तिकडच्या मामेबहिणी म्हणाल्या, अय्या, हे आता कोण करतं!

मागच्या महिन्यात जिन्यातून वर येत होते, कुणाच्यातरी घरातून परतलेल्या कांद्याचा वास आला आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले. नवरा म्हणाला एका पदार्थासाठी एवढं काय. ताई, मला रश्शाचं तर विचारायचंच आहे, पण खरं विचारायचंय ते हे की मला जे घर आठवतंय ते नक्की कुठे आहे? तिकडे गेले तर तिकडची नव्हते, इकडे तर लहानपणापासून सगळे विचारतात तू मूळची कुठली. रविवारच्या त्या ताटापुरतं मला कधी हा प्रश्न पडला नव्हता."

---

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जिन्यापाशी येऊन थांबले. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिसऱ्यांदा ती नीट तपासायला वाचलं, आणि आता खात्रीने सांगते, तुझ्या आजीने तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवलीयेत, तू ती खोडलेली बाजू वाचत बसलीयेस एवढंच.

बघ हं, हिशोब कर. आजी लग्नानंतर लगेच इकडे आली. तुझी आई इकडे वाढली. तू जन्मलीस तोवर आजीला इथे येऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणजे तू लहानपणी दर रविवारी जो रस्सा खाल्लास तो काळ्या शाईतला. निळ्या शाईतला तू कधी खाल्लेलाच नाहीस गं! तू वर्षभर एवढे कष्ट घेऊन, बॅगेतून फळ आणून जो रस्सा करतेयस तो आजीच्या आईच्या घरचा आहे, कदाचित उत्तमच होत असेल, पण तुझ्या जिभेला त्याची ओळखच नाही तर ती "हेच ते" असं म्हणणार कशी? तुझा भाऊ बरोबर बोलला. चांगलं झालंय पण हे ते नाही. याहून अचूक कोणी सांगू शकलं नसतं.

आता एकेक 'इथे' घेऊ, कारण मला तुझी आजी या शब्दातून इतकी दिसायला लागलीय की काय सांगू.

सोड्यापासून सुरू करते. दाणा शिजत नाही हे तू लिहिलंस आणि तू सोडा घालत नाहीस हे पण लिहिलंस. नळाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की त्याला आपण जड पाणी म्हणतो. तुमच्याकडे तसं आहे का ते किटलीत बघ, आतून पांढरा थर धरत असेल तर आहे. कडधान्याच्या सालीत आणि आत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन असतं, शिजताना ते सुटलं की दाणा मऊ होतो, आणि कॅल्शियम नेमकं त्या पेक्टिनला जाऊन घट्ट बांधून ठेवतं. मग दोन तास काय आणि तीन तास काय. सोड्याने पाणी थोडं अल्कधर्मी होतं आणि ती गाठ सैल होते. आजीला कॅल्शियमचं कोणी सांगितलं नसणार, तिने पहिल्या महिन्यात दोनचार वेळा कडक दाणे नवऱ्याच्या ताटात वाढले असतील, तोंड बारीक झालं असेल, मग कुठूनतरी ऐकून चिमूटभर टाकून पाहिला असेल. चिमूटच हं, जास्त घातलास तर साबणासारखी चव येते आणि दाण्यातलं बी-वन जीवनसत्त्व पण कमी होतं. एक चिमूट भिजवतानाच्या पाण्यात घाल, ते पाणी ओतून दे, नव्या पाण्यात शिजव. तेवढ्याने फरक पडला नाही तर पुढच्या खेपेला शिजवतानाही अगदी किंचित. आणि कडधान्य किती जुनं आहे ते पण बघ, वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं काही केल्या शिजत नाही, त्यात तुझी चूक नाही.

तुमचं गाव उंचावर असेल तर आणखी एक भानगड, समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं आणि दर ३०० मीटर वर गेलं की साधारण एक अंश आधीच उकळायला लागतं. १५०० मीटरवर ते ९५ अंशाच्या आसपास उकळतं, मग आपण कितीही आच वाढवली तरी पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त आटतं. तिथे प्रेशर कुकरच हवा.

दुसरं, फळ. हे माझ्या मते मुख्य. तू ते वाळवलेलं आंबट फळ निळ्या शाईप्रमाणे, म्हणजे कडधान्याबरोबरच सुरुवातीला घालत असणार, बरोबर? आंबटाने पण दाणा कडक राहतो. आम्लात ते पेक्टिन सुटत नाही. म्हणजे एकीकडे जड पाणी, दुसरीकडे आंबट, आणि मधे बिचारा दाणा. आजीच्या माहेरी पाणी हलकं असेल, तिकडे सुरुवातीला घातलं तरी खपून जात असेल, म्हणून तिने मुलगी असताना पाहिलं तसं निळ्या शाईत लिहिलं. इकडे फळ मिळेना, लिंबू घातलं, आणि बहुतेक ती ते शेवटी पिळत असणार. लिंबाचा वास तेलकट द्रव्यांत असतो, खूप उकळलं की तो उडून जातो, आंबटपणा उरतो आणि कधीकधी कडवट पण लागतं. डोळे मिटून आठव बरं, ताटात रस्सा वाढला की आधी कसला वास यायचा? मी पैज लावते, लिंबाचा यायचा.

तिसरं, कांदा तीन खेपेत. हे वाचून तर मी अक्षरशः उठून उभी राहिले. तू लिहिलं नाहीस पण मला वाटतं तू सगळा कांदा एकदम मोठ्या भांड्यात टाकतेस. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ढीगभर कांदा मंद शेगडीवर टाकला की पाणी सुटतं, आणि जोवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही, कांदा वाफेवर मऊ होतो, फिकट, गोडसर. परतलेल्या कांद्याचा तो तांबूस खमंग वास येतो तो त्याच्या बऱ्याच वर, साधारण १४० अंशाच्या पुढे, साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांत मिसळून. लुई-कामीय मायार नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये या क्रियेवर पहिल्यांदा लिहिलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आजीच्या पहिल्या बिऱ्हाडातली शेगडी मंद असणार, तिला एका वेळी मूठभरच कांदा तांबूस करता येत असणार, म्हणून तीन खेपा. किती वेळ उभी राहत असेल ती! तू जिन्यात ज्या वासाने बसलीस तो हाच, आणि तुझ्या स्वतःच्या स्वैपाकघरात तो वर्षभर निर्माणच होत नव्हता.

आता जिन्याबद्दल, कारण तुझा नवरा "एवढं काय" म्हणाला ते मला टोचलंय. त्याला समजत नाही असं नाही, त्याला तसा वास कधी आला नसेल. त्याला हे वाचून दाखव. आपण बघतो, ऐकतो, स्पर्श होतो, ते सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका ठाण्यातून जातं आणि मग पुढे वाटलं जातं. वास तसा थांबत नाही. नाकाच्या वरच्या भागातून तो थेट मेंदूच्या त्या भागांशी जोडलेला आहे जिथे भावना आणि आठवणी हाताळल्या जातात. म्हणून वास आधी रडवतो आणि कशाने रडू आलं ते नंतर कळतं. नाकातल्या पेशींवर वास पकडणारी जी प्रथिनं असतात त्यांची, म्हणजे रिसेप्टरची, जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, माणसाकडे असे सुमारे ४०० प्रकार चालू स्थितीत असतात. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वासच असतो, सर्दी झाली की सगळं मातीसारखं लागतं ते त्यामुळे. तर जिन्यात बसून रडणं हा काही तुझा कमकुवतपणा नाही, रोज आजीशेजारी उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाचं हेच झालं असतं.

मापाचं लवकर सांगते. वहीत "वाटी" लिहिलं असेल तर ती आजीचीच वाटी, दुकानातला कप नव्हे. कप सुद्धा जगभर एक नाही, कुठे २४० मिलीचा, कुठे २५० चा. घरातल्या सगळ्यांना विचार ती वाटी कुठे गेली, अशा वस्तू कुणाच्यातरी घरी किल्ल्या नाहीतर बटणं ठेवायला वापरात असतात. मिळाली की वजनकाट्यावर ठेव, काटा शून्य कर, काठोकाठ पाणी भर, जितके ग्रॅम तितके मिली. मीठ मात्र चमच्याने मोजूच नकोस, बारीक मिठाचा एक छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो आणि जाड पापुद्र्याच्या मिठाचा तोच चमचा ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चक्क निम्मं. आजी कुठलं वापरायची ते आईला विचार. आणि मसाले दळलेले आणत असशील तर अख्खे आणून त्याच दिवशी कुटून बघ, दळून महिनोन्महिने ठेवले की वास निघून जातो.

आता आई.

इथे मला जरा थांबायचंय. तुझ्या पत्रात आई दोनच ओळीत येते, "मला यातलं काही येत नाही, विकत आण". तू ते आळसासारखं किंवा तुटकपणासारखं लिहिलंयस. मला ते वाचताना वेगळंच काहीतरी ऐकू आलं, आणि ते का ते सांगते.

आमचं कुटुंब मी ९ वर्षांची असताना परक्या मुलखात गेलं. शाळेत पहिल्या आठवड्यात मी डबा उघडला आणि शेजारची मुलगी बाक सरकवून लांब बसली. कोणी काही बोललं नाही, नुसता बाकाचा आवाज झाला. त्यानंतर दोन वर्षं मी डबा न उघडता परत आणायचे आणि घराच्या कोपऱ्यावर उभी राहून घाईघाईने संपवायचे, म्हणजे आईला कळू नये. आई पहाटे उठून करायची. मोठी झाले तरी मी तिच्याकडून एकही गोष्ट शिकले नाही, "मला नाही येत" हे मी इतकं अभिमानाने सांगायचे की जणू काही मोठं कमावलंय. मग ती गेल्यावर मला कळलं की मी काय केलंय. तुझी आई परक्या देशात वाढणारी घरातली पहिली मुलगी. तू तिसऱ्या पिढीची, तुला विचारतात मूळची कुठली, तिला काय काय ऐकावं लागलं असेल आणि त्यातलं किती त्या वासावरून ऐकावं लागलं असेल याचा विचार कर. मी तिला ओळखत नाही, माझं चुकूही शकतं. पण "मला येत नाही" च्या मागे कधीकधी "मी शिकले नाही, आणि आता विचारायला ती नाही" असं असतं, आणि प्रत्येक वेळी तू रेसिपी विचारायला फोन केलास की ते तिच्या समोर येऊन उभं राहत असेल.

म्हणून तिला रेसिपी विचारू नकोस. परत कधीच "कसं करायचं" असं विचारू नकोस. करून तिच्यासमोर ठेव आणि विचार, "काय चुकलंय?" हा प्रश्न फार वेगळा आहे गं. करता न येणाऱ्यालाही चुकलेलं बरोबर कळतं. तिने हा रस्सा तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं खाल्लाय, निळा-काळा बदल होत असतानाचे प्रयोग तिच्याच ताटात झालेत, तिच्या जिभेवर सगळं शाबूत असणार. ती म्हणेल पातळ होता, किंवा अजून काळसर असायचा, किंवा काहीच न बोलता अजून थोडा वाढून घेईल. दूर राहत असेल तर डबा घेऊन जा, व्हिडिओ कॉलवर हे जमणार नाही. वय झाल्यावर नाक आणि जीभ थोडी मंद होतात, त्यामुळे मीठ-आंबट कमी आहे असं तिने म्हटलं तर भावाला पण विचारून घे, पण रंग, दाटपणा, दाणा किती फुटलेला असायचा, वर तेल तरंगायचं का, याबाबतीत तिचाच शब्द शेवटचा धर.

आणि तिला एकदा वहीतलं ते "इथे" दाखव. नुसतं पान उघडून समोर ठेव. लहान असताना तिने आईला ते लिहिताना पाहिलं असेल कदाचित. काही बोलली तर ऐक, नाही बोलली तर पान बंद कर आणि जेवायला वाढ.

मुलीचं फार मनावर घेऊ नकोस. सात वर्षांची पोरं नाक दाबतातच, नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आला की मग कुठे एक बोट लावून बघतात. जबरदस्ती अजिबात नको, आणि "आजी काय म्हणाली असती" असलं भावनिक ओझं तर मुळीच नको. तिला काम दे. लिंबू पिळायचं काम दे, वजनकाटा वाचायचं काम दे. खाल्लं नाही तरी चालेल, त्या ओट्यापाशी ती उभी राहिली पाहिजे. तुला तरी आजीने कुठे बसवून शिकवलं होतं? एक मात्र कर, तिच्या शाळेच्या डब्यात हे तिला न विचारता कधी देऊ नकोस. हे मी तुला हात जोडून सांगते.

मग मामेबहिणी. "हे आता कोण करतं" हे तुला लागलं, साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूने बघ, त्या तिथेच राहिल्या, त्यांच्या घरात दर पाच-दहा वर्षांनी काहीतरी नवीन येत गेलं, नवी शेगडी, नवा कुकर, नोकऱ्या, वेळ नाही, आणि तो रस्सा आपोआप मागे पडला, कोणी ठरवून सोडला नाही. जो माणूस देश सोडतो त्याच्या हातात मात्र तो निघाला त्या वर्षीचाच देश राहतो, आणि तो तेवढा तरी नीट धरून ठेवायला बघतो. म्हणून परदेशातल्या घरांत कितीतरी पदार्थ असे सापडतात जे मूळ जागी जवळजवळ विसरलेत, आणि हे कुठल्याही देशातून कुठल्याही देशात गेलेल्या लोकांचं असंच झालेलं दिसतं. आणि मूळ मूळ तरी कशाला म्हणायचं? मिरची, टोमॅटो, बटाटा, मका हे सगळं १४९२ नंतर अमेरिका खंडातून बाकीच्या जगात पसरलं. त्याआधी आपल्यापैकी कोणाच्या पणजीच्या पणजीच्या हातात मिरची नव्हती. कुठल्यातरी बाईने ती पहिल्यांदा भांड्यात टाकली असेल, घरात कोणीतरी नाक मुरडलं असेल, आणि आज तिच्याशिवाय "आपली चव" म्हणता येत नाही. मला या अनोळखी बाईबद्दल फार प्रेम वाटतं.

तुझ्या आजीने पण तेच केलं. तू म्हणतेस नाइलाज म्हणून बदललं. पहिल्यांदा नाइलाज असेल, मान्य. पण जी बाई नाइलाजाने करते ती वहीत लिहून ठेवत नाही, ती मनात म्हणते पुढच्या वेळी फळ मिळालं की नीट करू. आजीने खोडलं. पेन घेऊन, स्वच्छ, खोडलं आणि शेजारी नवीन लिहिलं. इतक्या वर्षांत कोणी ना कोणी तिकडून आलं-गेलं असेल, तिला ते फळ मागवता आलं नसतं का? तू एका फेरीत आणलंसच ना. तिने मागवलं नाही, किंवा मागवलं तरी परत निळ्यावर गेली नाही. म्हणजे कधीतरी एका रविवारी, लिंबू पिळलेला रस्सा चाखून तिला वाटलं असणार की झालं, जमलं, हा आता आपल्या घरचा. ते घर कुठलं होतं? ज्या घरात तुझी आई शाळेतून यायची आणि पुढे तू रविवारी जेवायला बसायचीस ते.

तू विचारलंस मला आठवतंय ते घर नक्की कुठे आहे. तू ते शोधायला विमानाने गेलीस आणि तिकडे ते सापडलं नाही कारण ते तिकडे कधी नव्हतंच. तिकडे आजीचं माहेर होतं. तुझं घर त्याच देशात आहे जिथे तू आत्ता राहतेस, जड पाण्याच्या नळाचं, मंद शेगडीचं, बाजारात फळ नाही पण लिंबू आहे असं. "मूळची कुठली" असं विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते मी तुला सांगू शकत नाही, ते लोक उद्याही विचारतील आणि उद्याही त्रास होईल, मला अजून होतो. पण तुझ्या आजीला या देशात परकं वाटत असतानाच तिने इथलं पाणी, इथली आच, इथलं लिंबू ओळखून घेतलं आणि त्यातून दर रविवारी एक ताट तयार केलं, ते खाऊन तू मोठी झालीस. तुला त्या ताटापुरता प्रश्न पडायचा नाही असं तू लिहिलंस ना, कारण तो प्रश्न आजीने आधीच निस्तरलेला असायचा, तुझ्यापर्यंत येऊच द्यायची नाही.

आता तो तुझ्या हातात आलाय. आणि तुझं 'इथे' आजीच्या 'इथे'सारखंच असेल असं नाही, तुझी शेगडी वेगळी असेल, पाणी गाळून येत असेल, कडधान्य पाकिटातलं असेल. काळ्या शाईतलं करूनही थोडं इकडेतिकडे झालं तर घाबरू नकोस, बदल, चाखायला दे, परत बदल. वही मात्र ओट्यावर नेऊ नकोस आता. प्रत्येक पानाचा चांगल्या उजेडात फोटो काढ, भावाला आणि आईला पाठव, मूळ वही कपाटात ठेव, तेलाने आणि वाफेने शाई पसरते. निळं खोडलेलं आहे ते पण वाचता येईल असा फोटो घे, ते फळ आणलंयस ते वाया घालवू नकोस, एखाद्या दिवशी दाणा पूर्ण शिजल्यावर ते घालून आजीच्या माहेरचा रस्सा म्हणून वेगळा कर, पाहुणा म्हणून खा, छान लागेल.

या रविवारचं सांगते, फार काही नाही. आदल्या रात्री भिजत घालताना चिमूट सोडा. सकाळी ते पाणी फेक, नव्या पाण्यात दाणा आधी पूर्ण शिजू दे, दोन बोटांत चेपला गेला पाहिजे, तोवर आंबट काही जवळ आणायचं नाही. कांदा तीन खेपेत, घाई नाही, प्रत्येक खेप तांबूस झाल्यावरच पुढची, खिडकी उघडू नकोस, येऊ दे वास जिन्यात. आईला जेवायला बोलाव, कशासाठी ते फोनवर सांगू नकोस. आणि लिंबू मुलीच्या हातात दे, शेगडी बंद केल्यावर.